अस्वल सोबत आणावे

आयनारला त्याचं अस्वल मिळवून द्यायचं, एवढ्यासाठी सप्टेंबरातल्या त्या सकाळी आम्ही विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाच्या दलदलीत शिरलो. आयनार, त्याची बहीण डोरीन, तिचे तीन शिकारी कुत्रे आणि मी. डॉक्टरांनी आयनारला नाताळपर्यंतची मुदत दिली होती. चार पावलं टाकली की त्याला धाप लागायची. म्हणून मारलेलं अस्वल ओढून आणायची जी प्लॅस्टिकची घसरगाडी असते ना, तिच्यात त्यालाच बसवलं आणि मी बैलासारखा ओढत निघालो.

"हळू रे गाढवा! अजून मेलो नाहीये मी!"

"मग उतर आणि ढकल!"

तोंडाने हसत होतो, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आमच्याकडे अस्वलाचा परवाना सोडतीत निघतो. दर डिसेंबरात अर्ज करायचा, नाही लागला की एक गुण जमा. पुरेसे गुण साठायला नऊ-दहा वर्षं जातात. आयनारने साठवले. तोवर अस्वलं त्याचा मका तुडवत होती, आणि आम्हा शिकाऱ्यांच्या शुल्कातूनच राज्य त्याला नुकसानभरपाई देत होतं. "मका माझा, पोट त्याचं, खिसा तुझा!" म्हणून मला डिवचायचा.

मग एकदा मला हुक्की आली. सरकारी शिक्क्याचं खोटं पत्र छापलं आणि धाडलं: 'अभिनंदन! परवाना मंजूर. अस्वल सोबत आणावे.' पठ्ठ्या शेवटची ओळ न वाचताच कचेरीत हजर! गाव महिनाभर हसलं.

पुढच्या वर्षी खरं पत्र आलं. त्याला वाटलं, पुन्हा मीच. त्याने ते शेगडीत घातलं. शुल्क भरायची मुदत उलटली. सगळे गुण शून्यावर.

यंदा परवाना मला लागला. इतक्या आजारी माणसाच्या नावावर तो करता येतो. केला.

ओढ्यापलीकडे कुत्र्यांचं भुंकणं एकदम बदललं.

"झाडावर चढवलंय!" डोरीन ओरडली.

मध्ये बीव्हर प्राण्यांनी बांधलेला काटक्यांचा बांध होता. मी पाय टाकला. बांध खचला! छातीपर्यंत चिखलात! हलावं तर आणखी खाली! तेवढ्यात आयनार घसरगाडीत पालथा झाला आणि चिखलावरून सरकत थेट माझ्यापाशी आला. मागून डोरीनने दोर धरला होता.

"पत्र लिहिणारा हात पुढे कर!" तो धापा टाकत म्हणाला.

केला. डोरीनने ओढलं. सुटलो!

बांध सोडून वरच्या अंगाने उथळ पाण्यातून पलीकडे गेलो. देवदारावर ते बसलं होतं. काळंकभिन्न, थोराड, एक कान फाटलेला. चार वर्षं आयनारचा मका तुडवणारं तेच! आयनारने समोरच्या झाडाला पाठ टेकवली. बंदूक खांद्याला लावली. कुत्रे चेकाळले होते. मी श्वास धरला. एक मिनिट गेलं. दोन गेली.

त्याने बंदूक खाली केली.

"काय झालं?" मी विचारलं.

तो वर बघतच होता. "हे मारलं, तर उद्यापासून वाट कशाची बघू रे?"

डोरीनने एकेक करून कुत्र्यांना साखळ्या लावल्या. आयनारने काडतुसं काढून माझ्या हातावर ठेवली.

"डिसेंबरात माझा अर्ज भर. शून्यापासून. आणि नाव नीट लिही, तुझा भरवसा नाही!"

मी काडतुसं खिशात टाकली. परत येताना घसरगाडी अगदी हलकी लागत होती.

डिसेंबरात त्याने पलंगावर पडूनच अर्जावर सही केली. जानेवारीत गेला.

फेब्रुवारीत डोरीन माझ्या दारात आली. तिच्या हातात एक पत्र होतं, आयनारच्या नावाचं. 'सोडतीत आपले नाव नाही. एक गुण जमा.'

"हे तुझे उद्योग का?" तिने विचारलं.

मी शिक्का उजेडात धरून पाहिला. उलटा, सुलटा, पुन्हा उलटा.

"नाही गं," मी म्हणालो. "या वेळी खरं आहे."

बाहेर बर्फ साचला होता. दलदलीत कुठेतरी ते फाटक्या कानाचं अस्वल झोपलं होतं, आणि आयनारच्या नावावर एक गुण जमा होता.