सातजवळची खाच

बाजारात त्यांना भिंगराव म्हणत. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. जुनी मनगटी घड्याळं जमवायची, पारखायची आणि मन घट्ट करून त्यातली काही विकायची, हा त्यांचा उद्योग. त्यांची एक ठरलेली रीत होती. विकायला आलेल्या माणसाला आधी बोलू द्यायचं नाही. "आजोबांचं आहे हो, क्वचितच घालायचे," असं जो तो सांगतो. त्यापेक्षा केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीच्या, कडा पाहाव्यात, पट्ट्यावरची घडी पाहावी, बकल भिंगाखाली धरावं. घालणारा कारकून होता की ओझी उचलणारा, हे मग भिंगराव सांगून मोकळे होत. घड्याळ घासून चकचकीत करणाऱ्यांचा त्यांना भारी राग. ओरखड्यांसकट जे आहे ते दाखवायचं आणि त्याचीच किंमत सांगायची, यात त्यांनी कधी लबाडी केली नव्हती.

ते घड्याळ त्यांना बंद होणाऱ्या एका दुकानाच्या पडून राहिलेल्या मालात मिळालं. स्टीलची केस, पांढरी तबकडी, चामड्याचा पट्टा. मागच्या झाकणावर कंपनीचा कागदी शिक्काही जसाच्या तसा. पट्ट्याच्या एकाही भोकात बकलची सुई गेलेली नव्हती. इतकी वर्षं जुनं आणि एकदाही न घातलेलं घड्याळ म्हणजे या धंद्यात लॉटरीच. भिंगरावांच्या गिऱ्हाइकांतले एक दातांचे डॉक्टर फोनवर ऐकूनच हरखले. रविवारी बघायला येतो म्हणाले.

भिंगरावांना मात्र ते घेताना दुसरंच काही आठवत होतं. धाकट्या भावाकडे हेच मॉडेल होतं. पहिल्या पगारातून घेतलेलं. ते घालूनच तो नवी नोकरी शोधायला म्हणून घराबाहेर पडला आणि परत आला नाही. पत्र नाही, फोन नाही. पोलीस झाले, जाहिराती झाल्या, नातेवाईक विचारून विचारून थकले. थोरली बहीण, ताई, तेवढी थकली नव्हती. ती अजून त्याची खोली रोज झाडत असे.

घड्याळ त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. सकाळी उघडून पाहिलं, तर ते चालत होतं.

हे घड्याळ ऑटोमॅटिक होतं. त्याला चावी द्यावी लागत नाही, हातात घातलं की मनगटाच्या हालचालीवर चालतं आणि काढून ठेवलं की थोड्या काळाने थांबतं. ठेवताना आपणच हलवलं असेल, असं भिंगरावांनी ठरवलं. पण दुसऱ्या सकाळीही ते चालत होतं आणि मागच्या शिक्क्याचा एक कोपरा सुटला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी बकलवर बारीक ओरखडे दिसले.

"ताई, खणातलं घड्याळ तू घातलं होतंस का?"

"मी? मला शाळेच्या घंटेवर जगायची सवय. निवृत्त झाले तेव्हाही भेट मिळालेलं घड्याळ तुलाच दिलं," ती म्हणाली. "आणि किल्ली तर तुझ्या गळ्यात असते."

रविवारी डॉक्टरांनी घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं आणि खाली ठेवलं. "न घातलेलं म्हणाला होतात," ते म्हणाले. आवाज सौम्य होता, पण भिंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर त्यांच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. चोर पकडायचाच, अशा हट्टाने बसले होते. बहुतेकांच्या घड्याळाला काटे फिरवायच्या चावीच्या बाजूने ओरखडे पडतात, कारण ती बाजू पंजाकडे असते. इथे ते दुसऱ्या बाजूला होते. म्हणजे घालणारा डावखुरा, घड्याळ उजव्या हातात. पट्ट्याची घडी तिसऱ्या भोकावर. आणि सातच्या आकड्याजवळ, केसच्या कडेवर, एक तिरकी खाच. काल ती नव्हती.

ती खाच ते ओळखत होते. धाकटा ताईला सायकल शिकवत होता. ताई तोल जाऊन फाटकावर चालली, तेव्हा त्याने मध्ये हात घातला. ताई वाचली, घड्याळ फाटकाच्या कडीवर आपटलं. तो आठवडाभर ती खाच सगळ्यांना दाखवत हिंडला होता.

ताईपासून हे लपवणं त्यांना जमलं नाही. तिने खाचेवरून बोट फिरवलं आणि घड्याळ कानाला लावलं.

"चालतंय," ती म्हणाली. "म्हणजे आहे तो."

"ताई, असं काही नसतं."

"मग काय असतं ते तू सांग."

भिंगराव भिंग पुसत बसले. त्यानंतर रोज सकाळी चहा ओतता ओतता ती विचारायची, "आज काय?" आणि ते खण उघडून भिंगातून वाचायचे. आज काचेवर चुन्याचा ठिपका आहे, कुठे रंगकाम करत असेल. आज पट्टा भिजून वाळलाय. ताई हसायची, "छत्री कधी नेलीय त्याने?" ते दिवस चांगले होते. घड्याळाची बाजारातली किंमत धुळीला मिळत होती, पण त्याचं भिंगरावांना काही वाटेनासं झालं होतं. कितीतरी वर्षांनी घरात धाकट्याविषयी वर्तमानकाळात बोलणं चाललं होतं.

मग एका सकाळी पट्ट्याची घडी वेगळ्याच भोकावर दिसली. आतल्या. मनगट बारीक झालं होतं.

"आज काय?"

"काही नाही. ठीक आहे."

काही दिवसांनी घडी त्याच्याही आतल्या भोकावर गेली. नवे ओरखडे पडायचे थांबले. असं घड्याळ भिंगरावांनी पूर्वी पाहिलं होतं. ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं होतं.

पुढे पट्ट्यावर शेवटच्या भोकाच्याही आत एक नवं भोक दिसलं. वेडंवाकडं, खिळ्याने पाडलेलं. भिंगरावांनी ते अंगठ्याखाली झाकलं.

"आज काय?"

"कामावर जातोय," ते म्हणाले. "पट्टा घामेजलाय चांगला."

ताईचा चेहरा उजळला. "मग येईल आता," ती म्हणाली.

आणि एका सकाळी घड्याळ बंद होतं.

भिंगरावांनी ते हातात घेतलं. पट्टा गार पडला होता. ते खुर्चीत बसले आणि रडले, आवाज न करता, कारण भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता. मग त्यांनी डोळे पुसले आणि आजवर न केलेली लबाडी केली. घड्याळ मुठीत धरून हलवत राहिले. काटा सरकायला लागला.

ताईने ते कानाला लावलं. "चालतंय," म्हणाली.

रोज तेच. ताई उठायच्या आत घड्याळ हलवायचं आणि खणात ठेवायचं. त्यावर काही उमटत नव्हतं. भिंगराव मनाने गोष्टी रचत आणि ताईला सांगत. ती खूश होती. एका दुपारी रंगाचा डबा घेऊन आली आणि गंजलेलं फाटक स्वतः रंगवायला बसली. हिरव्या रंगात.

"त्याला हाच रंग हवा होता," ती म्हणाली. "आला की बघेल."

भिंगरावांनी ब्रश घेतला आणि वरची कडी रंगवून दिली.

दुसऱ्या दिवशी ते उजाडताच उठले. आज तिला खरं सांगायचं, असं ठरवून त्यांनी किल्ली फिरवली.

घड्याळ चालत होतं. त्यांनी अजून हातही लावला नव्हता.

पट्ट्याचं बकल लावलेलं होतं. खिळ्याच्या भोकात.

त्यांनी भिंग लावलं. सातजवळच्या खाचेत काहीतरी भरलं होतं. बोटाने टिपून पाहिलं. हिरवं, ओलं.

खिडकीतून फाटक दिसत होतं. ते उघडं होतं. कडीवरचा रंग एका जागी खरवडला गेला होता.

आत भांडी वाजली. ताई कपाटातून कप काढत होती. एक. दोन. मग, जरा थांबून, तिसरा.

"आज काय?" तिने आतून विचारलं.

तो प्रश्न या खोलीच्या दिशेने आलेला नव्हता.