सांगायचं काम कोणाचं

दारव्ह्याच्या बाजारच्या दिवशी जीपमध्ये टेकायला जागा मिळाली तरी नशीब म्हणायचं. ममताला अर्धी सीट मिळाली आणि तिच्या चार्टपेपरच्या गुंडाळीवर एक उंचापुरा पोरगा खुशाल बसला.

"अवो, उठा न! डाळ मिलचा प्लॅन काढाचा हाय त्याच्यावर."

"मंग बरोबर जागी बसलो मी," तो हसला. "मिल आमच्याच गावात होऊन राह्यली, मॅडम."

हा अंकुर, वामनरावांचा एकुलता एक. ममता बचत गटांची समन्वयक. गावानं आपल्या तुरीची डाळ आपणच करायची, असं ठरलं होतं. ठरून बरेच दिवस झाले होते, हलत मात्र काहीच नव्हतं.

बैठकीत अंकुरनं लॅपटॉपवर रंगीत चौकटींचा प्लॅन दाखवला. ममतानं तो गोड हसून बाजूला सारला आणि चार्टपेपरवर तीन रकाने आखले.

"काम, कोणाचं, कधीपर्यंत. बस! अन् 'सगळे मिळून करू' असं लिहाचं नाही. सगळ्याइचं काम म्हंजे कोणाचंच नाही. एका कामाले एकच नाव."

"अन् माह्यावर दोन कामं आली तं?"

"दोन्ही करा. चांगले धडधाकट तं दिसून राह्यले!"

बाया खिदळल्या. अंकुर कानापर्यंत लाल झाला.

शेड उभी राहिली, वीज आली, यंत्र आलं. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तिच्या केसांवरचा तुरीचा भुसा तो हलकेच फुंकायचा आणि ती उगाच रागवायची. तिच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याच्या अंगणात तुळशीवृंदावन. हे दोघांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

"ममता... एक काम लिहाचं राह्यलं," एका दुपारी तो म्हणाला.

"कोणतं?"

"आपल्या लग्नाचं."

ती मनातून हरखली. तरी सवय ती सवय— "तुह्या घरी कोण सांगीन?"

"आपण दोघं—"

"दोघं नाही. एक नाव."

"मी." त्यानं तिचा हात हातात घेतला. "मिल सुरू व्हाच्या आधी बाबाले सांगतो."

ममतानं त्याच संध्याकाळी आपल्या घरी सांगून टाकलं. आई, तुळसाबाई, आधी रडली, मग म्हणाली, "पोरगा शब्दाचा असला म्हंजे झालं."

अंकुरचं मात्र आज बाबांचं डोकं गरम, उद्या तूर काढणी... बाकीची सगळी कामं त्यानं वेळेत केली, तेवढं एक सोडून. ममताला ते दिसत होतं. तरी ती थांबली. जीव लागला की माणूस थांबतोच.

उद्घाटनाला यंत्र घरघरलं, पिवळीधमक डाळ पडली, टाळ्या वाजल्या. पुढच्या खुर्च्यांवर वणीचे पाहुणे होते— आईबाप आणि त्यांची मुलगी, प्रेरणा.

"मिल पाहूनच सोयरिकीले हो म्हणून राह्यले," अंकुरची आई मैनाबाई ममताच्याच कानात कुजबुजली. "आता आमच्या अंकुरले कोण नाही म्हणते, बाप्पा!"

तेवढ्यात अंकुर पाहुण्यांना घेऊन आला. "ह्या ममता मॅडम. प्लॅन ह्याइनंच करून देल्ला."

मॅडम! तिनं त्याला शेडमागं गाठलं.

"सांगतलं का?"

"सांगणारच होतो... पण बाबानं परस्पर बलावलं पाहुण्याइले. थोडं समजून घे न, ममता—"

"मंग मले नाही म्हण, अंकुर. तेवढं तं तोंडानं म्हण."

त्याच्यानं तेवढंही झालं नाही. तिला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

ती सरळ वामनरावांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, अंकुरनं मले लग्नाचं विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. तुमाले सांगाचं काम त्याचं होतं, त्याच्यानं झालं नाही. आता माह्याकडून नाही हाय." मग ती प्रेरणाकडे वळली. "ताई, तुमाले माहीत असावं म्हणून सांगतलं."

मिल चालूच होती. अंकुर शेडच्या कोपऱ्यावर उभा होता. एक पाऊल पुढं आला... आणि बापाकडे पाहून थांबला.

फाट्यावर जीप उभी होती. ममता आत बसली आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. घरी तुळसाबाई दारातच विचारणार होती, 'सांगतलं का पोरानं?' आणि आईला काय सांगायचं, हे तिला काही केल्या सुचत नव्हतं.