वापस दगडाच्या पलीकडे

रुखमाबाईला शोधून आणायचं, एवढाच मोहिमेचा हेतू होता. सकाळी निघताना आम्ही 'जिवंत' हा शब्दही त्यात घालत होतो. दुपारनंतर तो गळाला.

आमच्या कॉलेजचा शिपाई सहदेव, त्याची ही बायको. काल पहाटे सोनाळ्यामागच्या सातपुड्यात मोहफुलं वेचायला गेली, ती परतलीच नाही. गावाने दुपारपासून जंगल पालथं घातलं, पण फक्त वापस दगडापर्यंत. त्या खडकावर कोणीतरी कधीकाळी पांढऱ्या रंगाने 'वापस' लिहिलं आहे. तेव्हापासून गाव तिथून वापस येतं.

आज तिघेच निघालो. सहदेव, उपकेंद्रातली नर्स समता आणि मी. मी मराठीचा प्राध्यापक, म्हणजे जंगलात संपूर्ण निरुपयोगी. शिवाय गुडघा. २०११ साली डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवस चढ टाळा. तो सल्ला मी आजतागायत निष्ठेने पाळत होतो.

अकराला दगड आला. सहदेव थांबला.

"याच्यापुढं नाई, सर."

"काऊन?" समताने विचारलं.

"लिहेल हाये ना. माह्या बापानं कधी ओलांडला नाई."

"तुमच्या बापाले वाचता ये?"

"नाई. लोकायनं सांगतलं त्याले."

समता दगडाला वळसा घालून आली. "काका, शब्दापुढं बाण हाये, गावाकडं. मोजणीवाल्यायनं आपली परतीची वाट लिहून ठेवली असंन. सर, तुम्हीच वाचा."

मी वाचलं. बाण होता. अक्षरं कळली की माणूस बाणाकडे कशाला बघेल?

सहदेवने चपला हातात घेतल्या आणि देवळात शिरावं तसं पाऊल पलीकडे टाकलं.

पलीकडे काहीच घडलं नाही. घडायला सुरुवात तासाभराने झाली. उतारावर सागाची वाळकी पानं अशी पसरलेली, की दोन पावलं चढावं आणि तीन घसरावं. पाणी संपलं. मग पळसाखाली एक चप्पल दिसली, बायकी, निळ्या पट्ट्याची. शेजारी अस्वलाची ओली विष्ठा, मोहफुलांनी भरलेली.

सहदेव मटकन बसला. "चाला वापस. आता काय पाहाचं राह्यलं?"

"चप्पल इथं हाये म्हंजे बाई पुढं गेली," समता म्हणाली.

"नाई तं अस्वलानं नेलं तिले."

समता नुसती चालू लागली, म्हणून आम्ही गेलो.

पुढे कडा. कड्याच्या पोटातून हातभर रुंदीची वाट, खाली दरी. समता गेली. सहदेव गेला. मी गुडघ्याकडे पाहिलं. पाठ खडकाला लावली. एक पाऊल. दगड सुटला! खाली आदळल्याचा आवाज फार उशिरा आला. दुसरं पाऊल. तिसरं. चौदा वर्षं जपलेला गुडघा एकदाही कुरकुरला नाही, याचा मला थोडा अपमानच वाटला.

"कोन हाये बे तिकडं?"

आवाज कोरडा, पण शिवी देण्याच्या बेतातला. झऱ्याकाठी रुखमाबाई पडली होती. डावा पाय नको त्या दिशेला वळलेला. उशाला मोहफुलांचं भरलेलं पोतं.

"अस्वलापासून पळाली अन् पडली," ती म्हणाली. "कालपासून हाका मारून राह्यली. सारं गाव मेलं का?"

"लोकं दगडापर्यंत आलते," सहदेव पुटपुटला. "तू त्याच्यापुढं काऊन आली?"

"कोन्ता दगड?"

"वापस लिहेल हाये तो."

"मले वाचता येते का? वीस वर्स झाले, मी इथंच येते. एवढा मोहा अजून कुठी हाये? मले वाटे, गाव आळशी हाये."

समताने काठ्या लावून पाय बांधला. पाय वाचेल का, हे तिने सांगितलं नाही. पोतं तिथेच सोडलं. पाय बांधताना न रडलेली रुखमाबाई पोत्यासाठी मात्र रडली.

तिला सहदेवने पाठीवर घेतलं. कड्याची वाट नको, दुसरी आहे, ती म्हणाली. अंधारायच्या आत खाली पोचायचं होतं आणि ती वाट फक्त तिला ठाऊक होती. प्रत्येक वळणावर ती ज्या बाजूचा खांदा दाबेल, त्या बाजूला सहदेव मुकाट वळत होता.