मोहोड यांची कार्यमुक्ती

नागपूरच्या प्रशासन-अभियांत्रिकी प्रयोगशाळेत सकाळी अकरा वाजता सरकारी कागदांची पहिली नस्ती यंत्रात सोडण्यात आली. अकरा वाजून एक मिनिटाने ती सहा अधिकाऱ्यांकडून चार हजार वेळा फिरून आलेली होती. निर्णय झालेला नव्हता.

"वेग उत्तम आहे," यंत्राच्या रचनाकार डॉ. वैजयंती रेगे म्हणाल्या.

समोरच्या पडद्यावर अंटार्क्टिकावरील हवामान केंद्राचे अभियंता श्रीरंग मोहोड बांधलेल्या बॅगेवर बसले होते. दीड वर्षासाठी गेलेल्या मोहोडांचे हे चौथे वर्ष. त्यांची मुलगी तीन वर्षांची झाली होती आणि वडील ही सपाट, चौकोनी वस्तू असते, अशी तिची समजूत होती. नस्ती त्यांच्याच परतीच्या बदलीची होती. समुद्र गोठण्यापूर्वीचे शेवटचे जहाज पाच वाजता सुटणार होते. पुढचे जहाज नऊ महिन्यांनी.

"मॅडम, बूट घालू का?" मोहोडांनी विचारले.

"थांबा जरा."

निरीक्षक म्हणून आलेले कक्ष अधिकारी नामदेव खोब्रागडे यंत्राभोवती एक फेरी मारून आले. "आत बसलंय कोण, ते तरी सांगा."

"कोणी नाही. प्रत्येक अधिकाऱ्याने तीस वर्षांत नस्त्यांवर जे लिहिले, ते सारे यंत्राला वाचायला दिले. त्यातून त्याची लेखप्रतिमा तयार झाली. समोर कागद आला की तो अधिकारी जे लिहील, नेमके तेच ती लिहिते. शासनाने तिला अधिकाऱ्याचाच दर्जा दिला आहे."

"अन् लिहितात काय?"

रेगेंनी पाहिले. "'चर्चा करावी.' सहाही जण."

खोब्रागडे मनापासून हसले. "हुबेहूब जमलंय हो! मॅडम, असा शेरा आला की आम्ही साहेबांच्या खोलीत जातो. चहा येतो. साहेब विचारतात, 'काही भानगड नाही ना?' आम्ही म्हणतो, 'नाही जी.' झाली चर्चा."

"हे नस्तीवर कुठेच नाही."

"चहा कोण नस्तीवर लिहितो बाप्पा? मी खाली फक्त 'चर्चा झाली' लिहितो. मग साहेब लिहितात, 'चर्चेनुसार मान्य.'"

रेगेंनी 'चर्चा झाली' हे शब्द टिपून घेतले. मग त्यांनी यंत्राला आज्ञा दिली: 'चर्चा करावी' या प्रत्येक शेऱ्याखाली 'चर्चा झाली' ही ओळ आपोआप उमटावी. अर्ध्या सेकंदात सहाही मान्यता आल्या. मोहोडांनी एक बूट चढवला.

"थांबा," रेगे म्हणाल्या. "शेवटच्या मान्यतेत अट आहे. पर्यायी अभियंता रुजू झाल्यावरच कार्यमुक्त करावे."

"आता तिथं माणूस कुठून आणता?" खोब्रागडे म्हणाले. "पेंग्विनला चार्ज देता काय?"

"माणूस कशाला? काम उपकरणेच करतात. फक्त आकडे कळवायला अधिकारी हवा. मोहोडांचीच लेखप्रतिमा करू. त्यांनी चार वर्षांत लिहिलेले सगळे इथे आहे."

प्रतिमा तयार व्हायला दुपार गेली. चार वाजून चाळीस मिनिटांनी तिने पदभार स्वीकारला. मोहोड दुसरा बूट हातात घेऊनच धावले.

पाचला दहा कमी असताना नव्या अभियंत्याचा पहिला कागद आला.

"तापमान किती म्हणतात?" खोब्रागडेंनी विचारले.

रेगेंनी वाचले. "'महोदय, कौटुंबिक अडचणींचा सहानुभूतीने विचार होऊन माझी परतीची बदली व्हावी, ही नम्र विनंती.'" त्यांनी घाईने जुनी कागदपत्रे चाळली. मोहोड तापमान रोज बिनतारी यंत्रावर तोंडी सांगत. चार वर्षांत त्यांनी लिहिले होते ते केवळ अर्ज.

अर्ज तोवर मंजूर झालेला होता. अटीप्रमाणे यंत्राने दुसरी प्रतिमाही रुजू करून घेतली होती. ती तयार करायला आता एक सेकंदही लागत नव्हता. तिचाही अर्ज आला होता.

पाच वाजता जहाजाच्या कप्तानाचा दूरध्वनी आला. "आदेश आहे, कार्यमुक्त झालेले सर्व अधिकारी चढल्याशिवाय नांगर उचलू नये. माझ्या यादीत एक हजार नऊशे बारा मोहोड आहेत. तेरा झाले. इकडे बर्फ धरायला लागलाय."

रेगेंचा चेहरा उतरला. "यादी रद्द करते. नवी नस्ती..."

खोब्रागडेंनी त्यांच्या हातून दूरध्वनी काढून घेतला. "कप्तानसाहेब, डेकवर मोहोड किती दिसतात?"

"एकच. एका पायात बूट नाही."

"मग निघा."

"हे लेखी मिळेल का?"

"लेखी पाहिजे असेल," खोब्रागडे म्हणाले, "तर त्या बिचाऱ्याला खाली उतरवा."

पलीकडे वाऱ्यात कप्तानाने कुणाला तरी हाक मारली. मग नांगराची साखळी खडखडू लागली.