घडी न मोडलेलं पातळ

शनिवारी सकाळी आठ वाजता फोन वाजला, तेव्हा रेणुका तायडे खामगावच्या घरी चहात बिस्किट बुडवत होती.

"तुम्ही इमा कंपनीच्या मॅडम ना? मी वरवट बकालहून धम्मदीप वानखडे बोलून राह्यलो. माह्या मायचा क्लेम तुमच्याकडं आला म्हणे."

"हो, काल आला. चौकशीला आज येणारच होते."

"मॅडम, माय अजून सापडली नाही. लहाना भाऊ संघपाल फोटो घेऊन लुंबिनीत दारोदार फिरून राह्यला. आम्ही क्लेम टाकलाच नाही. मंग कोणं टाकला?"

बिस्किट कपात पडलं. विमा-चौकशीच्या चौदा वर्षांत रेणुकानं कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या आगी तपासल्या होत्या, उलटलेले ट्रक पाहिले होते, गोठ्यात रवंथ करणाऱ्या म्हशींचे मृत्यूचे दाखलेही वाचले होते. पण माणसाचा शोध चालू असताना त्याची भरपाई मागायची घाई तिनं पहिल्यांदाच पाहिली.

फाइलवर सही सहलवाल्याची होती, शालिग्राम भोपळेची. वरवट बकालच्या परिसरातले बावीस यात्रेकरू त्यानं नेपाळला नेले. गेल्या शनिवारी सकाळी त्यांनी सीमा ओलांडली. त्याच संध्याकाळी सरकारचा इशारा आला : नेपाळच्या डोंगरी जिल्ह्यांत पूर आणि दरडी आहेत, तिकडे जाऊ नका. इशारा आल्यावरही जो तिकडे जाईल, त्याचा प्रवासविमा संपला. लुंबिनी सपाटीवर, इशाऱ्याच्या बाहेर. आणि केसरबाई वानखडे, वय बासष्ट, मंगळवारी पौर्णिमेला सकाळी सात वाजता लुंबिनीतच हरवल्या, असं फाइल म्हणत होती. म्हणजे विमा शाबूत.

कागद फारच नेटका होता. इतका नेटका कागद पाहिला की रेणुका तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची.

दहा वाजता ती वरवट बकालला पोचली. धम्मदीपनं आईची पिशवी पुढे ठेवली. शालिग्रामनं गुरुवारी आणून दिली होती. आत दोन पातळं, औषधाच्या गोळ्या, मोबाइल आणि तळाशी एक कोरं पांढरं पातळ होतं. दुकानाची चिठ्ठी अजून त्याला टाचलेली होती.

"हे कशासाठी?"

"पौर्णिमेले लुंबिनीत नेसाले. दोन महिने आधी घेतलं तिनं."

रेणुकानं घडीवरून हात फिरवला आणि पिशवी बंद केली.

शेजारच्या कोकिळाबाई इंगळे सहलीत केसरबाईंच्या बाजूच्या सीटवर होत्या. चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी. त्या ओसरीत बसल्या होत्या आणि नजर वर उचलत नव्हत्या.

"कोकिळाकाकू, केसरबाई शेवटच्या कुठं दिसल्या?"

"सकाळी सात वाजता, पुष्करणीच्या काठावर, वंदना झाल्यावर."

"त्यांनी काय नेसलं होतं?"

"पांढरं. पौर्णिमेले पांढरं नेसल्याबिगर तिच्या घशाखाली पाणी उतरत नाही."

"त्यांच्याकडं पांढरी पातळं किती?"

"एकच घेतलं होतं, नवं. जुनं तिनं सुनेले देऊन टाकलं." आणि त्या पदर सारखा करत उठल्या. "मले चूल पाहाची हाय."

रेणुका आणखी तिघांकडे गेली. तिघांनीही तेच सांगितलं : सकाळी सात वाजता, पुष्करणीच्या काठावर, वंदना झाल्यावर. एकाच गाडीतून उतरलेले चार वऱ्हाडी एकाच शब्दांत एक गोष्ट सांगतात, हे तिच्या अनुभवात बसत नव्हतं. एरवी चौघांकडून पाच हकिकती मिळतात आणि वर भांडणही. इथं पाठांतर होतं. आणि पाठांतरामागे भीती नव्हती, हेच तिला जास्त खुपलं. बोलताना ही माणसं धम्मदीपच्या घराकडे दयेनं पाहत होती.

आपल्याकडच्या सहली आचारी सोबत घेऊन निघतात. परमुलखातलं जेवण मानवत नाही, म्हणून पातेली, शेगडी, तुरीची डाळ, सगळं गाडीच्या मागच्या बाजूला. या सहलीचा आचारी गणेश एसटी स्टँडजवळ भजी तळत होता. रेणुकानं एक प्लेट घेतली आणि सहलीचं नाव न काढता विचारलं, "जेवण कसं झालं होतं, गणेशभाऊ? लोक नावं ठेवून राह्यले."

गणेशच्या हातातला झारा तसाच राहिला. "नावं? सोमवारच्या वरणाले ना? दीड घंटा डाळ उकळली, बाई! पाणी खदखद करे, पण डाळ शिजेच ना. भातही कचवट. वीस वर्षांत असं झालं नाही."

"डाळ जुनी असंल."

"जुनी कायची? तीच डाळ दुसऱ्या दिवशी लुंबिनीत अर्ध्या घंट्यात मऊ!" मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो खाली वाकून भजी उलटवू लागला.

"अजून काय नुकसान झालं तुमचं?"

"माहा रग गेला. शालिग्रामभाऊनं सोमवारी मागून नेला, परत देल्ला नाही. मी मागं भांडे भरत होतो. कायले पाहिजे होता, इचारलं तं मलेच डाफरले."

रेणुकानं भजी तशीच ठेवली. सोमवार. पौर्णिमेच्या आदला दिवस. तिनं पहिला फोन ठाण्यातल्या जमादारांना केला आणि दुसरा शालिग्रामला.

दुपारी एक वाजता विहारात सगळे जमले. धम्मदीप भिंतीला टेकून उभा, कोकिळाबाई पुढे, गणेश मागे, जमादार दाराशी. शालिग्राम स्वच्छ सदऱ्यात आला आणि आल्या आल्या धम्मदीपच्या खांद्यावर हात ठेवला. धम्मदीपनं तो झटकला नाही. त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

"केसरबाई लुंबिनीत हरवल्या नाहीत," रेणुका म्हणाली. "त्या लुंबिनीला पोचल्याच नाहीत."

तिनं धम्मदीपनं आणलेली पिशवी पुढे ओढली.

"पौर्णिमेला नेसायचं पातळ पिशवीत आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही. मंगळवारी सकाळी त्या तिथं असत्या, तर ते अंगावर असतं. म्हणजे जे झालं ते त्याआधी. सोमवारी."

"बाई इसरली असंल नेसाले," शालिग्राम म्हणाला.

"सोमवारी तुम्ही कुठं होता?"

"लुंबिनीत. सगळे सांगतील."

"डाळ वेगळं सांगते. उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं तापत नाही. डाळ शिजत नाही. लुंबिनी तर खामगावसारखी सपाट. सोमवारी तुमची चूल घाटात पेटली होती, शालिग्रामभाऊ. इशारा आल्यावर दोन दिवसांनी."

कोकिळाबाईंच्या तोंडून हुंदका फुटला. "सांगते मी. काठमांडू दाखवतो म्हणे. इशारा-बिशारा आमाले काही सांगतला नाही. येताना घाटात गाडी थांबली, जेवणं झाली, केसर हात धुवाले खाली उतरली अन् दरड आली. शालिग्रामभाऊ खाली जाऊन पाहून आले. म्हणे, बाई नदीत गेली. डोंगराचं नाव काढसान तं तिच्या पोराले इम्याचा छदामही भेटत नाही. आम्ही म्हटलं, गेली ते गेली, पोराच्या हाती तरी काही पडो. धम्मा, तुह्यासाठी खोटं बोललो रे आम्ही!"

धम्मदीप खाली बसला.

"आणि काकू, विम्याचं ते कलम कोणी पुरतं वाचलं?" रेणुकानं कागद उघडला. "पुढची ओळ अशी आहे : सहलवाल्यानं इशारा लपवला असेल, तर प्रवाशाचा विमा चालू राहतो. जबाबदारी सहलवाल्यावर. तुमचं काहीच जाणार नव्हतं. जाणार होतं ते यांचं. परवाना, धंदा, सगळं."

"मी तं लोकाच्या भल्यासाठी..."

"गणेशभाऊंचा रग कुठं आहे?"

शालिग्रामचा चेहरा उतरला.

"नदीत वाहून गेलेल्या बाईला कोणी रग पांघरत नाही."

धम्मदीप उठला, जमादार पुढे झाले. शालिग्राम भिंतीकडे सरकला आणि एका दमात ओकला. केसरबाई खाली झुडपात अडकल्या होत्या. पाय मोडला होता, शुद्ध होती. तिथल्या गावकऱ्यांनी रगात घालून वरच्या आरोग्य केंद्रात नेलं. "गाडी घेऊन येतो म्हणलं मी तिले. पण ती जित्ती राह्यली तं जागा सांगनच. मले वाटलं, म्हातारी काही टिकत नाही."

ओळखपत्र? तेही त्याच्याच खिशात निघालं. लॉजसाठी त्यानं सगळ्यांची गोळा केली होती. केसरबाईंचा मोबाइल गाडीत पिशवीत राहिला होता. त्या परक्या डोंगरात त्यांच्यापाशी त्या कोण आहेत हे सांगणारं काही नव्हतं. आणि पाच दिवस सगळे लुंबिनीच्या तळ्याकाठी शोधत होते.

संघपाल लुंबिनीच्या पोलीस चौकीतच होता. त्याला आरोग्य केंद्राचा नंबर मिळवायला पाऊण तास लागला. रेणुकानं फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे एक नर्स होती, मोडक्या हिंदीत बोलणारी.

"हाँ, एक माताजी थीं. पैर टूटा था, बुखार था. रास्ता बंद, टावर भी आज ही चालू हुआ. हेलिकॉप्टर आता था, जिनका बीमा था उनको ले जाता था. इनका नाम किसी ने लिखवाया नहीं."

"थीं?" रेणुकानं विचारलं.

"कल दोपहर तक साँस चल रही थी."

धम्मदीपनं आईची पिशवी छातीशी धरली. जमादारांनी शालिग्रामचा दंड घट्ट धरला. रेणुकाला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

नर्स अजून फोनवर होती. "एक बात पूछूँ? उनकी बोली हम समझे नहीं. एक नाम बार-बार लेती थीं. रोज़ दरवाज़े की तरफ़ देखतीं, और वही नाम. कोकिला कौन है?"

कोकिळाबाई भिंतीला धरून उठल्या, फोनजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मी हाव."