दाराकडे तोंड केलेली खुर्ची

शहराच्या पाणीखात्याच्या इमारतीला तळघर आहे, आणि तळघरात एक अरुंद मार्गिका आहे. मार्गिकेत डाव्या हाताला चार खोल्या लागतात. पहिल्या तिन्हींत जुने नकाशे, चौथीत मोडकी मोजयंत्रे. मार्गिका जिथे संपते तिथे पाचवे दार आहे. त्याला भिंतीचाच फिकट हिरवा रंग दिलेला असून बाहेरच्या बाजूला कडी, मूठ किंवा किल्लीचे भोक यांपैकी काहीही नाही. इमारतीच्या मूळ आराखड्यात त्या जागी दार दाखवलेले नाही. या दारासमोर, बरोबर चार पावलांवर, हातांची एक लाकडी खुर्ची आहे. तिचे चारही पाय फरशीत अंगठा बुडेल इतके रुतलेले आहेत.

त्या खुर्चीवर बसण्यासाठी खात्यात तीन माणसे नेमलेली होती, एकेका पाळीला एक. पदाचे नाव 'निरीक्षक, तळघर'. दिवसपाळीचा निरीक्षक हा माझा सख्खा थोरला भाऊ होता.

मी तिसऱ्या मजल्यावर, पदपडताळणी शाखेत. कोणते पद आवश्यक आणि कोणते केवळ सवयीने चालत आलेले, हे कागदावर सिद्ध करणे हे माझे काम. आई पाहुण्यांना सांगत असे, "थोरला खुर्ची उबवतो आणि धाकटा खुर्च्या मोजतो. दोघांची पाठ मात्र एकाच वेळी दुखते." पाहुणे हसत, दादाही हसे. मी हसत नसे. बावीस वर्षे एका माणसाने बंद दाराकडे पाहत बसावे आणि तो माणूस आपल्याच घरातला असावा, यात हसण्यासारखे काय आहे, असा माझा प्रश्न असे. आणि माझ्या प्रश्नांना घरात कोणी उत्तर देत नसे.

दादाला कोणतेही लांब वाक्य पूर्ण करता येत नसे. "म्हणजे कसं..." अशी सुरुवात करून तो हाताने हवेत काहीतरी दाखवी आणि उरलेले समोरच्याने समजून घ्यावे अशी त्याची अपेक्षा असे. माझा पिंड याच्या नेमका उलट. ज्या गद्यात कर्त्यापासून क्रियापदापर्यंतची वाट बांधीव पायऱ्यांसारखी असते त्या जुन्या गद्यावर मी वाढलो. त्यामुळे एका रविवारी त्याने चार जाडजूड वह्या माझ्यासमोर ठेवून "कादंबरी आहे," असे सांगितले तेव्हा मला प्रथम आनंद झाला नाही, काळजी वाटली.

कादंबरी सात रक्षकांविषयी होती. एका मोठ्या शहरात सात ठिकाणी सात साधी माणसे बसलेली आहेत: एक पुलाखाली, एक बंद पडलेल्या गिरणीत, एक रुग्णालयाच्या जिन्यात. ती काही करत नाहीत, फक्त पाहतात. ती पाहत आहेत तोवर 'तो' येऊ शकत नाही. रक्षक कधी दोन्ही डोळे एकदम मिटत नाहीत. आधी एक मिटतात, मग दुसरा. शहराला त्यांचा पत्ता नाही.

वह्यांचे अक्षर भयंकर होते. ओळी तिरप्या जाऊन एकमेकींवर चढलेल्या, शब्द समासाबाहेर घरंगळलेले. मी पंधरा दिवस लाल पेन्सिल घेऊन त्यांच्याशी झुंजलो आणि अठ्ठेचाळीस आक्षेपांची यादी करून तळघरात गेलो.

दादा दाराकडे पाहत बसला होता. त्याने मान वळवली नाही.

"बोल," तो म्हणाला. "ऐकतोय मी."

"आक्षेप पहिला. तुझे नायक काहीच करत नाहीत. बसून राहणं हा पराक्रम नव्हे."

"बसून बघ एकदा."

"आक्षेप दुसरा. शत्रूचं वर्णन कुठेच नाही. तो दिसतो कसा, त्याला हवंय काय?"

"त्याला स्वतःचं असं काही नाही रे. तो नुसता ऐकत बसतो. आणि मग आपल्याच... म्हणजे कसं..." त्याचा हात हवेत फिरला.

"आणि हे अक्षर? कोंबडी शाईतून चालत गेल्यासारखं!"

"इथंच बसून लिहितो ना," दादा म्हणाला, जणू त्यात सगळे आले.

आले होतेच. मला ते तेव्हा कळले नाही. मार्गिकेत नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखा ओलसर वास होता. तो कुठून येतो याविषयी मी दुरुस्ती विभागाला एक टिपण मात्र पाठवले.

दोन महिन्यांनी पडताळणीत तळघराची पाळी आली. फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवता आली असती. पण ज्याअर्थी तो माझा भाऊ होता त्याअर्थी मी अधिकच काटेकोर राहिले पाहिजे, असा मी स्वतःशी युक्तिवाद केला, आणि तो मला फार आवडला. माझा अहवाल नऊ पानांचा होता. आजही मला त्यातले एक वाक्य पाठ आहे: 'ज्या पदाचे प्रयोजन पदधारकालाही सांगता येत नाही, ते पद नसून केवळ आसन होय.' वरिष्ठांनी त्याखाली रेघ ओढली होती. महिनाअखेरीपासून तिन्ही पदे रद्द झाली.

दादा भांडला नाही. वहिनी भांडली. "भावजी, तुमच्या त्या फाईलपुढे माणूस दिसत नाही का हो तुम्हाला?" ती म्हणाली आणि ताटावरून उठून गेली. दादाने फक्त एवढेच विचारले, "माझं जाऊ दे. दुसऱ्या कुणाला तरी बसवता येईल का?"

"कशासाठी? कोणी बसलं नाही तर काय होईल, एवढं एका वाक्यात सांग. मी अहवाल मागे घेतो."

त्याने खरोखर प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. "म्हणजे कसं... आजवर कोणी उठलंच नाही ना. मग सांगणार कोण..."

मी विजयी मुद्रेने पाण्याचा पेला उचलला. त्या पेल्याची आठवण मला अजून सोडत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता वरच्या सभागृहात निरोपाचा समारंभ ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत दादाच्या जागी विणकाम घेऊन बसणाऱ्या सफाईच्या मावशींना मी चहा द्यायला वर धाडले होते. चार वाजून दहा मिनिटे झाली तरी दादा येईना, म्हणून मी खाली गेलो.

"सगळे खोळंबलेत. तुझ्यामुळे माझी शोभा होते आहे."

"मावशी नाहीत. खुर्ची रिकामी कशी सोडू?"

"मी बसतो."

दादाची नजर दारावरच होती. "तू बसशील? नक्की?"

"वीस मिनिटं बसायला पदवी लागते काय?"

तो हसला. "ये. आधी पाठीवर हात ठेव. हां. आता दाराकडे बघ. बघतोयस? मग उठतो मी." तो उठला आणि त्याच हालचालीत मी बसलो. आसन उबदार होते. "नजर काढू नकोस. डोळे मिटायचे तर एकेक." मग त्याने पाचवी वही माझ्या मांडीवर ठेवली. "शेवटचं प्रकरण. आजच संपलं. घरी गेल्यावर वाच हं. घरी."

त्याची पावले जिना चढून गेली. मी दाराकडे पाहिले. दार दारासारखे होते. पाच-सात मिनिटे मी प्रामाणिकपणे पाहत राहिलो. एकेक डोळाही मिटून पाहिला आणि स्वतःच्या मूर्खपणाचे हसू आले.

मग मी वही उघडली.

कोणाही माणसाला पुस्तकाचा शेवट वाचण्याचा मोह होईल. माझा मोह त्याहून क्षुद्र होता. पहिल्याच ओळीत दादाने एक वाक्य अर्धे सोडले होते, आणि लाल पेन्सिल माझ्या खिशात होती.

मी पहिले पान दुरुस्त केले. दुसरे केले. सातवा रक्षक म्हातारा झाला होता आणि त्याच्या जागी कोण बसणार याची त्याला विवंचना होती. तिसऱ्या पानावर लिहिले होते की दाराला कडी असते, पण ती आतून. एकदा उघडलेले दार बाहेरून कोणालाही लावता येत नाही. 'आणि म्हणून सातव्याने...' असे म्हणून दादा त्याच्या सवयीप्रमाणे पुढच्या ओळीवर गेला होता. मी समासात प्रश्नचिन्ह काढले.

त्या सुमारास पानावर सावली पडली. मी वही थोडी उजेडाकडे सरकवली.

नंतर मला जाणवले की ओल्या पाटीचा वास येत नाही. म्हणून मी मान वर केली.

दार बंद होते. उंबरठ्याशी फुलांचा गुच्छ पडलेला होता. त्याचे देठ, सोनेरी फितीने बांधलेले, माझ्या बाजूला होते. फुले दाराच्या पलीकडे होती. दाराखाली पोस्टकार्ड सरकेल एवढीही फट नव्हती.

मी धावत वर गेलो. सभागृहात माणसे चहा पीत उभी होती.

"दादा कुठे आहे?"

कारकुनाने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. "अहो, तुम्हीच नाही का हाक मारलीत? 'दादा, लवकर ये रे,' म्हणून. जिन्यातून. दोनदा. गुच्छ हातात होता तसेच पळाले ते."

"मी हाक मारली नाही."

"आवाज तुमचाच होता, साहेब."

आम्ही सगळे खाली आलो तेव्हा खुर्चीवर मावशी बसल्या होत्या, दाराकडे पाहत. कोणीही सांगितलेले नसताना त्या आमच्या आधी खाली पोहोचल्या होत्या. माझ्या मांडीवरून घाईत पडलेली दादाची वही कुठेच नव्हती.

पोलिसांच्या समक्ष दार उचकटण्यात आले. मागे काळ्या दगडाची अखंड भिंत होती. गुच्छाची फुले सापडली नाहीत. दाराच्या आतल्या अंगाला एक लोखंडी कडी निघाली. ती हाताळून हाताळून चकचकीत झालेली होती, आणि ती आणि दगड यांच्या मध्ये बोट शिरेल एवढीही जागा नव्हती. मिस्त्री बराच वेळ त्या कडीकडे पाहत राहिला. मग कोणाचाही हुकूम नसताना त्याने दार पुन्हा जसेच्या तसे बसवले. तेवढा वेळ मावशींची नजर हलली नाही.

त्याच संध्याकाळी मी माझा अहवाल मागे घेतला. कारण एका वाक्यात लिहायचे होते. मला ते पूर्ण करता आले नाही.

पडताळणी शाखा सोडून दिवसपाळीच्या निरीक्षकाची जागा मी मागून घेतली. वरिष्ठांना वाटले, मला धक्का बसला आहे, आणि त्यांनी दयाबुद्धीने सही केली. वहिनी माझ्याशी बोलत नाही. आई आता पाहुण्यांना आमच्याविषयी काही सांगत नाही. एकदाच, माझ्या पाठीला तेल लावताना, तिने विचारले, "त्याचंही दुखत असेल का रे?"

मावशी जेवणाच्या सुट्टीत येतात, पाठीवर हात ठेवतात, मग मी उठतो. "बघताय ना?" मी विचारतो. "पंचवीस वर्षं बघतेय," त्या म्हणतात. "तुमच्या दादालाही मीच शिकवलं."

हा मजकूर मी इथेच बसून, कागदाकडे न पाहता लिहीत आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

साधारण महिन्याभराने दारामागून आवाज येऊ लागला. तो दादाचा आहे. तो माझे नाव घेत नाही. दादाही कधी घेत नसे. "वाचलंस का रे शेवटचं प्रकरण?" तो विचारतो. मी उत्तर देत नाही. दादाने बोलू नको असे सांगितले नव्हते, पण 'तो' ऐकतो हे सांगितले होते.

सातव्या रक्षकाने काय केले हे जाणून घेण्यासाठी मी माझी उरलेली सगळी वर्षे देईन. ती वही ज्याच्याजवळ आहे त्याला हे ठाऊक असले पाहिजे. काल दुपारी तीनच्या सुमारास तो म्हणाला, "राहू दे. मीच वाचून दाखवतो."

आणि त्याने वाचायला सुरुवात केली. पान तिसरे, माझ्या प्रश्नचिन्हापासून.

आवाज दादाचाच होता. तीच किंचित घोगरी पट्टी, तोच मध्ये घेतलेला श्वास. क्षणभर माझा हात खुर्चीच्या हातावरून उठला. मी जवळजवळ हाक मारली होती.

"आणि म्हणून सातव्या रक्षकाने," तो वाचत होता, "ज्याच्यावर त्याने आयुष्यात सर्वाधिक विश्वास टाकला होता त्याची मान पुस्तकात खाली गेलेली पाहून, त्याला दोष न देता, त्याच्या समोरून शांतपणे चालत जाऊन, ते दार आतून लावून घेतले."

वाक्य बांधीव होते. प्रत्येक शब्द आपल्या पायरीवर होता. असे एक वाक्य दादाने लिहावे म्हणून मी चाळीस वर्षे त्याच्या मागे लागलो होतो.

दादाने जन्मात असे एकही वाक्य पूर्ण केले नव्हते.

"आता ठीक आहे ना?" दारामागून विचारणा झाली.

मी डावा डोळा मिटला. उघडला. मग उजवा.