कडूलिंबाखालची जागा

मोटार ठेवायची तर नीट ठेवावी, नाहीतर बैलगाडीत बसावं, असं माझं मत होतं आणि ते मी कुणाच्याही तोंडावर सांगत असे. रोज सकाळी चहाच्या आधी मी रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघायचो, तेलाची पट्टी फडक्यानं पुसून पुन्हा बुडवायचो, चारही चाकांतली हवा मापायचो. ग्रीस भरायला मी कुणाला हात लावू दिला नाही. अमरावतीत तेव्हा मोटारी वाढत चालल्या होत्या, अक्कल मात्र होती तेवढीच होती. कुणी वकील गाडीचं तोंड अर्ध्या रस्त्यात ठेवून खुशाल कोर्टात जाई. कुणी शेठ क्लचवर पाय ठेवून सगळं गाव फिरे आणि क्लच जळाला की मोटार बनवणाऱ्याला शिव्या देई. एकदा राजापेठेत एकानं माझ्या बंपरला गोऱ्हा बांधला होता. मी दोर कापून टाकला. गोऱ्हा कुठे गेला ते मी पाहिलं नाही.

मी यंत्रांचा माणूस. आमच्या शेठच्या अमरावतीला आणि अकोल्याला कापसाच्या जिनिंग फॅक्टऱ्या होत्या, आणि त्यांचे बॉयलर नीट चालतात की नाही हे बघणं माझं काम. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतात होतं. नागपूरहून इन्स्पेक्टर येत, बॉयलर ठोकून बघत, आणि मला एकही चूक दाखवू न शकता परत जात. याचा मला अभिमान होता. दर बुधवारी मी बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला मोटार घेऊन जात असे.

अकोल्याचं जिन गावाबाहेर होतं. काळ्या दगडाची लांब भिंत, तिच्यात लोखंडी फाटक, आणि फाटकापासून पार सडकेपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग. सरकीचा वास, बैलांचा वास, आणि हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, जे घामावर चिकटत आणि निघता निघत नसत. साऱ्या भिंतीला एकच झाड होतं, फाटकाच्या डाव्या हाताला. कडूलिंबाचं. त्याच्या सावलीत एक मोटार बरोबर मावेल एवढी जागा होती.

ती जागा नेहमी रिकामी असे. गाडीवाले तिथे बैल सोडत नसत. तानुबाई नावाची एक माळीण भिंतीशी वांगी, मिरच्या घेऊन बसे, तीसुद्धा त्या सावलीपासून दोन हात लांब, उन्हात, डोक्यावर पोतं ताणून. अकोल्याचं चैत्रातलं ऊन ज्याला माहीत आहे त्याला यात काहीतरी चुकतंय हे कळेल. मला तेवढंच कळलं की लोक मूर्ख आहेत. मी गाडी तिथे लावली.

"साहेब, तिथं नका लावू," तानुबाई म्हणाली.

"का?"

"मांगं घ्या लागते."

"कोणासाठी?"

ती मिरच्या खालीवर करत राहिली. मी चावी खिशात टाकली आणि आत गेलो.

काम आटोपून बाहेर आलो तर गाडी सावलीत नव्हती. ती बरोबर एका मोटारीच्या लांबीइतकी मागे, भर उन्हात उभी होती. हँडब्रेक ओढलेला. पुढची चाकं सरळ. भिंतीपासून वीतभर अंतर राखलेलं, मी राखतो तसं. सीट इतकं तापलं होतं की मी बसलो तसा उठलो.

दुसऱ्याच्या गाडीला हात लावणाऱ्या माणसाबद्दल मला काय वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी फाटकावरच्या शालिकरामला बाहेर बोलावलं. म्हातारा चौकीदार, डोक्याला मळकं मुंडासं.

"कोणी हलवली गाडी?"

"कोणीच हात नाही लावला साहेब."

"मग ती काय आपल्या पायानं मागे गेली?"

त्यानं माझ्या खाकी कोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि लगेच मान फिरवली. चार लोकांनी मिळून ढकलली असेल, असं मी धरून चाललो. हँडब्रेक सोडायला चावी लागत नाही.

पुढच्या बुधवारी मी तयारीनं गेलो. गाडी पुन्हा लिंबाखाली लावली, गिअरमध्ये ठेवली, चारही चाकांना मोठे दगड लावले. वर इंजिनातला रोटर काढून खिशात घातला. तो बोटाएवढा तुकडा नसला की ठिणगी पडत नाही आणि खुद्द गव्हर्नर आला तरी इंजिन सुरू होत नाही. आत काम करताना मी सारखा खिसा चाचपत होतो. तुकडा जागेवर होता.

गाडी मागे होती. दगडही मागे होते, चारही चाकांना नीट टेकवलेले. रेडिएटरवर हात ठेवला. उन्हानं तापलेलं लोखंड आणि आतून तापलेलं लोखंड यांतला फरक मला कळतो. इंजिन नुकतंच चाललं होतं.

मी तानुबाईच्या समोर जाऊन उभा राहिलो. "तू इथेच बसली होतीस. कोण आलं होतं?"

"ज्याची हाये थोच आला अन् मांगं घेतली."

"कोणाची? झाडाची? जागेची? नीट बोल!"

"मले काहून दटावून राहिले साहेब?" तिनं पदर तोंडावर ओढला. "मीनं काय केलं?"

मी तिच्या टोपलीला पाय मारला नाही, पण मारावासा वाटला. हे खरं ते सांगतो.

त्याच्या पुढच्या खेपेला माझी बायको पार्वता बरोबर होती. तिचं माहेर अकोल्यात, ताजनापेठेत. तिची आई आजारी होती. ती माझ्या शेजारी कधी बसत नसे. मागच्या सीटवर, टपाचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसे, आणि मी कुणा गाडीवानावर ओरडायला लागलो की डोळे मिटून घेई. माहेरची भेट झाल्यावर मी तिला घेऊन जिनावर आलो, गाडी लिंबाखाली लावली आणि तिला सांगितलं, "बसून राहा. कोणी गाडीला हात लावला तर ओरड. मी आतच आहे."

मी फार वेळ लावला नाही. वाफेचा एक व्हॉल्व्ह बघितला आणि बाहेर आलो.

गाडी उन्हात होती. पार्वता मागच्या सीटवर शांत बसली होती. दांडा धरला नव्हता. हात मांडीवर होते.

"ओरडली का नाहीस?" मी अंगावरच गेलो. "कोण होता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमीच तं आले होते न मघाशी."

"मी?"

"तुमी आले. त्या भाजीवाल्या बाईले म्हनाले, मावशी, टोपली जराशी सरकवता का. मंग गाडी हळूच मांगं घेतली. मले इचारलं, पानी पायजे का म्हून."

"मी तुला विचारलं?"

"हो न," ती म्हणाली. "मलेबी नवल वाटलं."

मी काय बोललो ते आठवत नाही. मोठ्यानं बोललो एवढं नक्की, कारण फाटकातले हमाल बाहेर येऊन बघत होते. परतीच्या वाटेवर बोरगावच्या पुढे एका कापसाच्या गाडीनं वाट दिली नाही. मी भोंगा वाजवत तिला खेटून मोटार काढली, दोन चाकं सडकेखाली काळ्या मातीत उतरली, बैल बुजले, गाडीवान जू धरून लोंबकळला. मी मागे वळून त्याला शिव्या दिल्या. पार्वतानं डोळे मिटलेले असतील असं मला वाटलं. आरशात पाहिलं तर ती उघड्या डोळ्यांनी मागे बघत होती, अकोल्याच्या दिशेला.

घरी आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मंगळवारी संध्याकाळी म्हणाली, "उद्या मीबी येते."

"आई बरी आहे ना आता?"

"हाये. तरी येते."

सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून गाडीत येऊन बसली. मी अजून पाणीसुद्धा बघितलं नव्हतं. माझ्या डोक्यात जो राग होता तो आता त्या जागेवरचा राहिला नव्हता. आज जो कोणी येईल त्याचा हात मनगटातून मोडायचा, एवढं एकच मी ठरवलं होतं. माझं सोंग घेऊन, माझ्या बायकोशी गोड बोलणारा हा भामटा कोण, ते साऱ्या अकोल्याला दाखवायचं.

गाडी मी लिंबाखाली लावली आणि उतरलो नाही. चावी हातात धरून स्टिअरिंगमागे बसून राहिलो. शालिकरामला ओरडून सांगितलं, आज मी आत येणार नाही. त्यानं मान हलवली.

दुपारचा भोंगा झाला. जिनाची घरघर थांबली. गाडीवान शिदोऱ्या सोडायला नदीकडे गेले. भिंतीवरून उन्हाच्या झळा उठत होत्या आणि रस्ता पाण्यासारखा हलत होता. झाडाचं एक पानही हलत नव्हतं. घाम मानेवरून कोटात उतरत होता. मागे पार्वताच्या बांगड्या एकदाच वाजल्या.

फाटकातून एक माणूस बाहेर आला.

अंगात खाकी कोट. हातात सुताचा बोळा, त्यानं तो बोटं पुसत होता, एकेक करून, अंगठ्यापासून. मी पुसतो तशीच.

तो सरळ माझ्याकडे आला. घाईनं नाही. वाटेत वाकून तानुबाईशी काही बोलला आणि ती हसली. मी तिला हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग तो माझ्या दारापाशी येऊन थांबला.

चेहरा माझा होता. कपाळावरची आठी तेवढी नव्हती.

मी त्याचं मनगट धरलं. आजूबाजूला लोखंड, दगड, माती, सगळं भाजत होतं. ते मनगट रांजणातल्या पाण्यासारखं गार होतं.

त्यानं हात सोडवून घेतला नाही. नुसता उभा राहिला. आपल्या जागेवर चुकून कुणी बसलं असेल तर सभ्य माणूस जसा उभा राहतो, तसा.

"पार्वता," मी म्हणालो, "बघ, हाच ना?"

आरशात ती त्याच्याकडे बघत होती.

मी ओरडायला तोंड उघडलं. भोंग्यावर हात मारला. दोन्हीचा आवाज झाला नाही.

त्यानं दार उघडलं. मी उतरलो. का उतरलो ते मला आजही सांगता येत नाही. माझे पाय जमिनीवर टेकले तेव्हा चावी माझ्या हातात नव्हती.

तो बसला. आरसा बोटभर फिरवला. पार्वता मागचं दार उघडून उतरली, फिरून पुढे आली आणि त्याच्या शेजारी बसली.

गाडी हळूच मागे गेली, उन्हात आली, वळली. वळताना त्यानं हात बाहेर काढून इशारा दिला. सडकेच्या तोंडाशी एक रिकामी बैलगाडी येत होती. तो थांबला, तिला जाऊ दिलं, मग गेला.

तेव्हा कुठे माझा आवाज परत आला. मी इतका ओरडलो की शालिकराम काठी घेऊन धावत आला. माझ्यापाशी येऊन तो थबकला.

"कोन पायजे?" त्यानं विचारलं.

"शालिकराम! मी भगवंतराव! गाडी गेली माझी, बायको..."

"साहेब तं आत्ताच गेले बाईसाहेबाले घेऊन." तो काठी टेकून माझ्याकडे बघत होता. "तुमी कोन?"

मी त्याची गळपट्टी धरली, त्याला हलवलं. तो घाबरला नाही, नुसता परका झाला. मी गळपट्टी सोडली. तानुबाईनं तिकडून आवाज दिला, "बसा आता सावलीत. आता तुमाले कोनी मांगं घ्या म्हनत नाही."

मी तिथे बसलो नाही. भर उन्हात स्टेशनपर्यंत चालत गेलो. आगगाडीत, बडनेऱ्याच्या फलाटावर, टांग्यात, साऱ्या वाटेवर मी त्या माणसाला काय काय करणार आहे ते मनात म्हणत होतो. पोलीस, कोर्ट, काठी. टांगेवाल्यानं घोडा संथ चालवला म्हणून त्याच्याशीही भांडलो. त्या रागाला धरूनच मी उभा होतो. तो सुटला असता तर मी रस्त्यातच बसलो असतो.

दिवेलागणीला घरी पोचलो. गाडी शेडमध्ये होती. धुळीचा कण नव्हता, चाकं धुतलेली, बॉनेटवर ओलं फडकं वाळत घातलेलं.

पार्वता ओट्यावर सुपात डाळ निवडत बसली होती. तोंडात काहीतरी गुणगुणत होती. लग्न झाल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

"कोण होता तो?" मी फाटकातूनच ओरडलो. "बोल! कोणाबरोबर आलीस तू?"

गुणगुणणं थांबलं. तिनं हळूच मान वर केली. अंधारून आलं होतं, पण तेवढ्या उजेडात माझं तोंड दिसत होतं. तिनं ते नीट पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सावरला, सूप बाजूला ठेवलं आणि घराकडे तोंड केलं.

"अहो," तिनं हाक मारली, "बाहेर कोनी आलं हाये, पाहा बरं."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.